खालच्या बाईंची झोप

एनिड रॅग तीन वेळा पाद्रीसाहेबांच्या घरी सांगायला गेली आणि तिन्ही वेळा चहा पिऊन परत आली. पहिल्या खेपेला गायकवृंदाच्या झग्यांना कसर लागली त्यावर बोलणं झालं. दुसऱ्या खेपेला पावसावर. तिसऱ्या खेपेला मात्र ती घरून घोकून निघाली होती: ‘पाद्रीसाहेब, कुंडाखाली कोणीतरी आहे. तिला जागं करू नका.’ दोन वाक्यं, दारातच उभं राहून म्हणायची. पण दार उघडलं तर समोर हसरा, मोकळ्या गळ्याच्या शर्टातला तरुण माणूस, हातात केकची बशी. अशा माणसासमोर असलं काही बोलायचं म्हणजे त्याच्या दिवाणखान्यात उभं राहून आपल्या परकराबद्दल बोलण्यासारखं.

‘कुंडाच्या समारंभाबद्दल जरा बोलायचं होतं,’ ती कशीबशी म्हणाली.

‘अहो, मग बोला की! मी त्याचीच वाट बघतोय. आणि साहेबबिहेब काही नको, एनिडबाई. नुसतं जेरेमी म्हणा.’

‘हो, पाद्रीसाहेब.’

जेरेमी फॅन्शॉ टेबलावर चढूनच बसला. ‘लोक चर्चमध्ये का येत नाहीत सांगू? कारण आपण रटाळ आहोत! अहो, तुमचं हे कुंड येशूच्याही आधीचं आहे. इथे धरतीमातेची पूजा व्हायची. ढोल, नाच, शिंगं! ते सगळं परत आणायचं. यंदा फळीवर ती नोहाची नाव नको. धरतीमाता काढा. हसरी. आणि डोळे उघडे.’

‘उघडे?’

‘टक्क!’

एनिडने केक संपवला, छान झालाय म्हणाली आणि घरी येऊन दाराला कडी लावून रडली.

आता हे समजायला हवं की आमच्या ब्रिंडलोचं कुंड म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. डोंगरातून झरा येतो, दगडी डोणीत पडतो. आजूबाजूच्या गावांसारखंच आम्हीही दर मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, ते सजवतो. पुरुषभर उंचीची लाकडी चौकट, तिच्यात मीठ घालून तुडवलेली चिकणमाती आणि त्या मातीवर पाकळी पाकळी दाबून बसवलेलं बायबलातलं एखादं चित्र. ती फळी झऱ्यावर उभी करायची, गावातल्या एका मुलीला राणी करून फळीपुढे बसवायची, पाद्र्याने प्रवचन करून पाण्याला आशीर्वाद द्यायचा आणि मग सगळ्यांनी चहाला जायचं. पाहुणे म्हणतात, किती गोड प्रथा. असेल.

सत्तावीस साली बिशपसाहेब स्वतः आले होते. मोठा वक्ता माणूस. त्यांच्या प्रवचनाने बाया हमसून हमसून रडल्या, पुरुषांनी गुडघे टेकले आणि फळीवरच्या मातीला घाम फुटला. त्या वर्षीची राणी एनिडची थोरली बहीण मेबल होती. एनिड आठ वर्षांची होती आणि पुढच्याच रांगेत बसली होती. त्यानंतर गावाने सांगितलं की मेबल शेफील्डला गेली. गावाने इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तिच्या आईनेही तिथे एकदा पत्र टाकून पाहिलं.

मग गावाने धर्मप्रांताच्या कचेरीला विनंती केली: आम्हाला एखादा साधा पाद्री द्यावा. फार चांगलं बोलणारा नको. कचेरीला असा माणूस शोधायला मुळीच त्रास पडला नाही. त्यांच्याकडे पुष्कळ शिल्लक होते. त्यांतून त्यांनी आपला सर्वोत्तम नग पाठवला. कॅनन ओलरेनशॉ. देव त्यांचं भलं करो, त्या माणसाने पंचेचाळीस वर्षं कुंडावर एकच प्रवचन वाचलं, पन्नास मिनिटांचं, एकाच सुरात. तिसऱ्या मिनिटाला गाव पेंगायचं. चौथ्याला खालच्या बाई. गाव त्यांना तेवढंच म्हणतं, खालच्या बाई, आणि तेही घरात, आवाज खाली आणून. गेल्या हिवाळ्यात कॅनन वारले आणि फॅन्शॉ आला, गिटार घेऊन.

‘तू सांग की पाद्रीसाहेबांना,’ एनिडने हार्टले बॅगशॉला म्हटलं. हार्टले खाणावळ चालवायचा, शिवाय चर्चची व्यवस्था बघणारा वॉर्डन, आणि दोघं एका बाकावर शिकलेली.

‘मी? मी वॉर्डन आहे! मी काय तोंडाने सांगू? तुझं बरंय, तू बाईमाणूस.’

‘बाईमाणसाला लाज नसते वाटतं?’

‘हे बघ, एनिड, इतकी वर्षं काही झालेलं नाही. कदाचित त्या गेल्याही असतील. म्हातारपणाने वगैरे.’

हे म्हणताना तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. ब्रिंडलोत माणूस खोटं बोलताना बुटांकडे बघतो, आणि खरं बोलायची वेळ आली तरी बुटांकडेच.

या सगळ्याचं एक वेळ चाललं असतं. पण राणीची चिठ्ठी जिलियनच्या नावाने निघाली.

जिलियन एनिडच्या भावाची पोर. आई गेल्यापासून आत्याकडेच वाढलेली, सोळा वर्षांची, तोंडाने तिखट. एनिडने तिच्या वेण्या घातल्या होत्या, गोवरात रात्री जागवल्या होत्या, पण ‘माझी बाय’ असं कधी तोंडातून निघालं नव्हतं. तिच्या घरात तशी पद्धतच नव्हती.

‘ताप आल्याचं सांग,’ एनिड म्हणाली. ‘पोट दुखतंय म्हण. मी काकवी आणि मोहरी घालून काढा देते, खरंच दुखेल.’

‘आत्या, तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही का गं?’

‘तुझी मेबलआत्या राणी झाली होती. आणि मग ती...’ एनिडने टेबलावरच्या बशा गोळा केल्या. ‘मग ती शेफील्डला गेली.’

‘मग मीही जाईन शेफील्डला! तिथे निदान सिनेमा तरी आहे!’

एनिडने बशा विसळायला घेतल्या.

गुरुवारी दुपारी दोन वाजता लख्ख ऊन पडलं होतं. कुंडाभोवती अख्खं गाव, शिवाय तीन बसगाड्या भरून पाहुणे. फळीवर पांढरी चादर टाकलेली होती. ते चित्र बायकांनी गपचूप, एकमेकींकडे न बघता पूर्ण केलं होतं: शेवाळाचे केस, ब्लूबेलच्या निळ्या पाकळ्यांचे डोळे, लाल ट्यूलिपचे ओठ आणि पाद्रीसाहेबांच्या खास आग्रहाखातर अंड्याच्या टरफलांचे दात. एनिड मागच्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. फळीला पाठ करून, हातभर अंतरावर स्टुलावर जिलियन बसली होती, पांढऱ्या झग्यात, डोक्यावर डेझीचा मुकुट. हसत होती. एनिडचं लक्ष तिच्या मानेवरच होतं, आणि ती फार बारीक दिसत होती.

ढोल वाजला. पाद्रीसाहेब आले, आणि पाहुण्यांत हशा पिकला. झग्यावर बोकडाचं कातडं, डोक्यावर हार्टलेच्या खाणावळीतल्या भिंतीवरची हरणाची शिंगं पट्ट्याने बांधलेली, गळ्यात गिटार.

‘ब्रिंडलो!’ ते माइकात ओरडले. ‘जागे आहात का?’

‘हो!’ पाहुणे ओरडले. गावाने बुटांकडे पाहिलं.

‘ऐकू येत नाही! जागे आहात का?’

फळीमागून येणारा पाण्याचा आवाज थांबला.

तो झरा दुष्काळातही थांबत नाही. एनिडने जन्मात तो आवाज फक्त एकदा थांबलेला ऐकला होता. तिने शेजारी पाहिलं. हार्टलेच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

पाद्रीसाहेबांनी गिटार छेडली आणि चादर ओढली. खरं सांगायचं तर माणसाला हातोटी होती. तो गायला, नाचला, धरतीच्या पोटातल्या प्रेमाबद्दल असं काही बोलला की बसगाडीतून आलेल्या म्हाताऱ्या टाळ्या पिटायला लागल्या. एनिड चित्राकडे बघत होती. तिने स्वतःच्या हाताने त्या पाकळ्या बसवल्या होत्या, एकावर एक, कौलांसारख्या. आता त्या हलत होत्या. वारा नव्हता. मातीवर घामाचे थेंब उभे राहिले आणि फळीवरून ओघळले. निळे डोळे सावकाश खाली वळले आणि जिलियनच्या मानेवर येऊन थांबले.

‘उठ,’ एनिड पुटपुटली. ‘जिलियन, उठ.’ तिला ओरडायचं होतं. पण समारंभ चालू असताना मध्येच ओरडायचं, ते तिच्या हाडातच नव्हतं, आणि त्या एका क्षणासाठी तिने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही.

फळीतून मातीचा हात बाहेर आला. पाकळ्यांनी मढलेला, कोपरापर्यंत लांब. त्याने जिलियनचा खांदा अगदी हळूच धरला, ओळखीचं माणूस धरतं तसा. जिलियनने हसत मागे वळून पाहिलं. मग ती किंचाळली, आणि हाताने तिला स्टुलासकट उचलून मातीत ओढलं. तिची पाठ आत गेली, झगा आत गेला, केस गेले. चेहरा आणि एक हात तेवढा बाहेर राहिला. ट्यूलिपचे ओठ फाकले आणि टरफलांचे दात एकमेकांवर वाजले.

पाहुण्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या.

‘काय सुंदर बसवलंय!’ एक बाई म्हणाली. ‘आमच्या गावात नुसता बँड असतो.’

पाद्रीसाहेब मात्र दचकून मागे सरकले. शिंगं एका कानावर आली. मग ते धपकन गुडघ्यांवर पडले आणि प्रार्थना करू लागले, आणि ही त्यांच्या आयुष्यातली पहिली खरीखुरी प्रार्थना असावी. ‘हे प्रभू! वाचव तिला! हे प्रभू, मी चुकलो!’ आवाजात असा जीव होता, अशी तळमळ होती, की एनिडच्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या प्रत्येक आरोळीबरोबर माती जिलियनच्या गळ्यापाशी जोरजोरात हलू लागली, दही घुसळावं तशी. खालच्या बाईंना ते आवडत होतं. सत्तावीस सालीही त्यांना असंच आवडलं होतं.

एनिड उठली. कशी उठली तिला कळलं नाही. रांगांमधून ‘माफ करा, जरा जाऊ द्या, माफ करा’ म्हणत ती पुढे पोहोचली आणि तिने पाद्रीसाहेबांचा खांदा धरला.

‘गप बसा.’

‘एनिडबाई, प्रार्थना करा! मनापासून—’

‘मनापासून काही करू नका! त्यानेच तर हे होतंय! खाली बसा आणि तोंड मिटा, जेरेमी.’

जेरेमी बसला. एनिडने माइक हातात घेतला. कॅननसाहेबांचं प्रवचन तिने पंचेचाळीस वेळा ऐकलं होतं.

‘प्रिय बंधुभगिनींनो,’ ती म्हणाली, ‘पाणी तीन प्रकारचं असतं.’

आणि पुढे काहीच नाही. डोकं पार कोरं. तिने हार्टलेकडे पाहिलं. ‘कोणते तीन?’

‘मला काय ठाऊक?’ हार्टले रडकुंडीला आला होता. ‘मी झोपलेला असायचो!’

तिने एकेक चेहरा पाहिला. तपकिरी कोट, फुलांच्या टोप्या, गावातली सगळी धर्मशील मंडळी, एकही रविवार न चुकवणारी. एकेकाने नजर खाली घातली. पंचेचाळीस वर्षांत दुसऱ्या वाक्यापलीकडे कोणी गेलंच नव्हतं.

माती जिलियनच्या हनुवटीपर्यंत आली. ‘आत्या,’ ती म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली.

एनिडने पर्स उघडली. आत रुमाल होता, पेपरमिंट होते आणि गावसभागृहाच्या समितीची टिपणवही होती. समितीची चिटणीस तीच. त्याच संध्याकाळी बैठक होती. तिने वही उघडली.

‘फेब्रुवारीच्या बैठकीचा वृत्तांत,’ ती वाचू लागली. ‘उपस्थित, नऊ सभासद. अनुपस्थितीबद्दल दिलगिरी, दोन. विषय पहिला. खुर्च्यांच्या पायांची रबरं.’

आवाज थरथरत होता. निळे डोळे गर्रकन तिच्याकडे वळले. भीतीही त्यांना चालत होती. भीतीतही जीव असतोच. एनिडने आतून गाल चावला, रक्ताची चव येईपर्यंत चावला, आणि आवाज खाली आणला.

‘एकूण चौसष्ट खुर्च्यांपैकी एकोणीस खुर्च्यांची रबरं झिजली असल्याचं निदर्शनास आलं. त्यावर अशी सूचना आली की रबरं बदलावीत. त्यावर अशी सूचना आली की आधी उरलेल्या खुर्च्या तपासाव्यात. चर्चा झाली. विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब. विषय दुसरा. चहाच्या मोठ्या भांड्याचं झाकण.’

टाळ्या थांबल्या होत्या. कोणीतरी खोकलं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने घड्याळ पाहिलं.

‘झाकण नीट बसत नाही असं एका सभासदाने सांगितलं. झाकण नीट बसतं, पण वळवून बसवावं लागतं, असं दुसऱ्याने सांगितलं. उजवीकडे की डावीकडे, यावर चर्चा झाली.’

तिने वहीच्या कडेवरून पाहिलं. माती हलायची थांबली होती. जिलियनचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. एनिडच्या छातीत असं काही दाटून आलं की ‘डावीकडे’ म्हणताना तिचा आवाज फुटला. लगेच दात वाजले आणि माती जिलियनच्या ओठांना लागली.

त्यानंतर एनिडने वर पाहिलं नाही.

तिने वाचलं. खिडकी उघडी ठेवावी की बंद, आणि दोन्ही बाजूंची मतं. सूचनाफलकाच्या टाचण्या. पायपुसणं. प्रत्येक ओळ ती लाकडासारखी, सपाट, एका पट्टीत वाचत गेली. आपल्याला कोणीही नाही, कुठल्याच गोष्टीशी काही देणंघेणं नाही, असं तिने मनाला बजावलं. मन ऐकत नव्हतं. पण आवाजाने ऐकलं.

लोक पेंगू लागले. एक टोपी गळून पडली. जेरेमी फॅन्शॉंची शिंगं हळूहळू छातीवर झुकली आणि त्यांनी घोरायला सुरुवात केली. तिसऱ्या उपविषयाच्या मध्यावर फळीतून एक लांब, ओला उसासा निघाला. ब्लूबेलच्या पाकळ्या एकेक करून मिटल्या.

मग मातीतून काहीतरी गवतावर पडल्याचा आवाज आला. कोणी सरपटत होतं. एनिडने पाय रोवले आणि वाचत राहिली.

‘आत्या.’

तिच्या घागऱ्याला ओढ बसली. दोन्ही मुठींत घागरा धरून पोर खाली बसली होती. मातीने माखलेली, दात कडाकडा वाजत असलेली, जिवंत. एनिडला ती फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. पाण्याचा आवाज अजून आला नव्हता. झोप अजून कच्ची होती. कुठल्याही आईला ठाऊक असतं, बाळाचे डोळे मिटले म्हणून लगेच पाऊल उचलायचं नसतं.

‘आत्या, मी आत होते गं. आत अजून कोणीतरी आहे. मुलगी आहे. तिने मला बाहेर ढकललं. आत्या, माझ्याकडे बघ ना.’

मेबल. सत्तेचाळीस वर्षं. तिच्या तोंडाशी ते नाव आलं, जिलियनचंही नाव आलं, आणि तिने दोन्ही गिळली.

‘विषय सहावा,’ तिने वाचलं. ‘पायऱ्यांजवळचं शेवाळ.’

‘आत्या! मला भीती वाटतेय. एकदा जवळ घे.’

‘शेवाळ निसरडं असल्याबद्दल एक तक्रार आली.’

‘तू... तू हे काय वाचतेयस?’ जिलियनचा आवाज बदलला. रडणं थांबलं आणि त्या जागी दुसरंच काही आलं. ‘मी मरत होते. आणि तू वही वाचतेयस?’

‘तक्रारीची नोंद घेण्यात आली,’ एनिडने वाचलं.

हार्टले एकटाच जागा होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असलेला. तो चवड्यांवर आला, आपला कोट पोरीच्या अंगावर टाकला आणि तिला धरून उठवायला लागला. जिलियनने घागरा सोडला नाही. तिने मान वर करून आत्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. एनिडने फार मेहनतीने तो तसा ठेवला होता.

‘हिला खरंच काही वाटत नाही,’ जिलियन हार्टलेला म्हणाली, अगदी शांतपणे, आणि तिच्या मुठी सुटल्या.

पावलं गवतावरून दूर गेली. एनिडने मोजली नाहीत. फाटकाची कडी वाजली. वहीत आणखी चार पानं होती, आणि झरा अजून गप्प होता. तिने बोट ओलं केलं आणि पान उलटलं.